मंगळवारची फ्रेम

मी ठिपके भरते. काय करता, असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ मजेत बघत बसते. फार ताणायचं नसेल तर पुढचं सांगते. फिल्मवर धुळीचा कण बसला की फोटोच्या कागदावर तिथे पांढरा ठिपका उमटतो. नवरीच्या केसांत उमटतो, आजोबांच्या काळ्या कोटावर उमटतो, पासपोर्टवाल्याच्या तर नेमका नाकाच्या शेंड्यावर. तो ठिपका शून्य नंबरच्या ब्रशनं, शाईचा आजूबाजूच्या रंगाशी मेळ घालत असा भरायचा, की तिथे काही होतं हे कुणाच्या बापाला कळू नये. तेहेतीस वर्षं मी एकाच स्टुडिओत हे काम करतेय. मालक मला ठिपकेबाई म्हणतात. आता बहुतेक सगळं कॉम्प्युटरवर होतं, तरी जुनी फिल्म घेऊन येणारे चार हट्टी लोक अजून आहेत. मागची अंधारी खोली मालकांनी माझ्यासाठी ठेवलीये, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. खरं म्हणजे ती रिकामी करायचा त्यांना कंटाळा आहे.

त्या चार हट्टी लोकांपैकी एक माझा नवरा.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा, म्हणून मीसुद्धा त्याला मनातल्या मनात मास्तरच म्हणते. तोंडावर अर्थातच ‘अहो’. मास्तरांना दोन गोष्टींचा भयंकर राग. एक म्हणजे ट्यूबमधला तयार काळा रंग आणि दुसरी पाच टोकांचा तारा. ‘रात्र’ असा विषय दिला की अख्खा वर्ग कागद काळा करून त्यावर पाच टोकांचे तारे चिकटवायचा, आणि मास्तर डोक्याला हात लावून बसायचे. मग मुलांना संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर बोलवायचे आणि विचारायचे, “दाखवा, कुठं आहेत टोकं?” निळा, तपकिरी आणि किंचित लाल मिसळून काळा कसा करायचा, तो काळा उजळ तारा जवळ आला की कसा पातळ होतो, हे सांगताना त्यांना जेवणाची शुद्ध राहत नसे. पोरं कंटाळायची. मी नाही कंटाळले, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी आकाशाचा एक तुकडा धरला. हात लांब करून पंजा उघडला तर जेवढं आकाश झाकेल, तेवढाच. आभाळ मोकळं असलं आणि चंद्र आडवा येत नसला की आमच्या घराच्या गच्चीवरून, त्याच कॅमेऱ्यानं, त्याच तुकड्याचा फोटो. कॅमेऱ्याखाली त्यांनी स्वतः जुळवलेलं घड्याळासारखं यंत्र होतं. आकाश सरकेल तसा कॅमेरा सरकायचा, म्हणून तारे रेघोट्या न होता टिंबं राहायचे. आमची फिल्मही रोलची नव्हती, सुटी पानं होती. एका पानावर एकच फोटो.

पुढच्या खोलीची एक भिंत त्यांनी त्या तुकड्यासाठीच रंगवली. काळा तयार करायलाच पंधरा दिवस गेले. मग फोटो बघून एकेक तारा मोजूनमापून जागच्या जागी. त्यांचा हात मोठा, बारीक टिंब फिस्कटायचं, म्हणून शिडीवर मी चढले. भिंतीवरचे अर्ध्याहून जास्त तारे माझ्या हातचे आहेत. शास्त्रातली नावं माझ्या डोक्यात राहीनात, तेव्हा मी माझी दिली. सगळ्यांत झगझगीत ती सासूबाई. तिच्यापासून जरा फटकून, एका रांगेत, तीन जावा. खाली कोपऱ्यात एकटाच तो लंगडा दीर. मास्तर आधी हसले, नंतर स्वतःही तीच नावं घ्यायला लागले. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, नातेवाइकांची कुचाळकी चाललीये.

हे सगळं कशासाठी? सुंदर दिसतं म्हणून, असं ते लोकांना सांगायचे आणि ते खोटं नव्हतं. पण मला खरं ठाऊक होतं. एखादा अगदी मंद, कुणाच्या खिजगणतीत नसलेला तारा कधीतरी अचानक पेटतो. काल जिथे काळं होतं तिथे आज टिंब दिसतं आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा मावळतं. ते जो पहिल्यांदा बघतो आणि कळवतो, त्याची नोंद राहते. मास्तरांना तेवढं हवं होतं. “एकदाच, अगं,” ते म्हणायचे. “एक टिंब. सगळ्या जगाआधी.”

त्यांचे फोटो मी स्टुडिओत छापायची. काळ्या आकाशात तारा पांढरा आणि धुळीचा ठिपकाही पांढरा, मग ओळखायचं कसं? त्यासाठी मास्तरांचा नियम होता. रोज दोन फ्रेम, एकीपाठोपाठ एक. दोन्हींत असेल तो तारा, एकीतच असेल ती धूळ. धूळ मी भरायची. मग वहीत तारीख आणि पुढे शेरा. एकवीस वर्षांची वही, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘नवीन काही नाही’.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा मधोमधचा भाग झिजत चाललाय, म्हणाले डॉक्टर. कडेकडेनं दिसेल, चालता-फिरता येईल, पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच पुसट होत जाईल. आणखी दोन वर्षं, फार तर अडीच. घरी आल्यावर दारात चपला काढताना मास्तर म्हणाले, “म्हणजे टिंब तर आधी जाणार.” त्या दिवसापासून बघण्याचं काम माझं झालं. गच्चीवर ते सवयीनं, चाचपत सगळं जुळवायचे. फोटोत काय आहे ते मी सांगायची आणि वहीत शेराही मीच लिहायची.

त्यातच फिल्म बनवणाऱ्या कंपनीनं ती फिल्म बंद केली. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात अठ्ठेचाळीस पानं उरली होती. मी हिशेब केला. रोज दोन म्हणजे चोवीस रात्री. रोज एक म्हणजे दुप्पट. त्यांच्या डोळ्यांची मुदत आणि फिल्मची मुदत मला कशीही करून जुळवायची होती.

“उद्यापासून एकच फ्रेम,” मी जेवताना जाहीर केलं.

“अगं, पण मग धूळ कुठली नि...”

“मी कशाला आहे? तेहेतीस वर्षं धूळ भरतेय मी. धूळ आणि तारा मला कळत नाही?”

“एका फ्रेमवर भरवसा ठेवू नये.”

“फ्रेमवर नका ठेवू. माझ्यावर ठेवा.”

मास्तरांनी पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “ठेवला.” माझ्या नाकावर राग असतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी वाद वाढवला नाही, असं मला तेव्हा वाटलं. मी जिंकले म्हणून खूशही झाले.

त्यानंतरच्या सतराव्या फ्रेमची गोष्ट. मंगळवारी रात्री काढलेली, बुधवारी सकाळी मी छापायला घेतलेली. स्टुडिओत त्या दिवशी एका लग्नाचे तीनशे फोटो एकदम आले होते आणि मालक दर दहा मिनिटांनी दार ठोठावत होते. मास्तरांचा फोटो वाळला, मी दिव्याखाली धरला. आधी सासूबाई, मग जावा, मग दीर, असा माझा बघायचा क्रम. मधल्या जावेच्या किंचित खाली, उजवीकडे, एक ठिपका.

तिथे काही नसतं. भिंतीवर ती जागा मी माझ्या हातानं रिकामी सोडली होती. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. हजारभर टिंबांत एक जास्त काय नि कमी काय! मला एका नजरेत कळलं की हा इथला नव्हे. इथला नव्हे, म्हणजे धूळ. भिंग खणात होतं. भिंगाखाली फिल्म धरायला एक मिनिट लागलं असतं. पण दार वाजत होतं, आणि मुख्य म्हणजे मला खात्री होती. मी शाई कालवली, ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं आणि ठिपका भरला. आजूबाजूच्या काळ्यात शाई अशी बेमालूम मिसळली की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

घरी गेले तर मास्तर पुढच्या खोलीत बसलेले. “काही नवं?”

“काही नाही. धुळीचा एक ठिपका होता, भरला.”

वहीत मी शेरा लिहिला. त्या रात्रीपासून शनिवारपर्यंत आभाळ भरून राहिलं, पुढची फ्रेम निघालीच नाही.

रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी नोकरी करते. “आई, बाबांना सांग, त्यांच्या तुकड्यात नवा तारा सापडलाय! पेपरात आलंय. कुठल्या तरी दूरच्या देशातला बेकरीवाला आहे, त्यानं गुरुवारी रात्री फोटो काढला म्हणे.”

मला वाईट वाटलं. पण ते मास्तरांसाठी. एकवीस वर्षं घातलेल्या माणसाच्या हाती काही नाही आणि पाव भाजणाऱ्याला मिळाला, हे आता यांना सांगायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मंगळवारचा ठिपका मला आठवलासुद्धा नाही. खरंच नाही आठवला.

मी सांगितलं. मास्तर उठले, भिंतीपाशी गेले आणि म्हणाले, “कुठं? नेमकं कुठं?”

लेकीनं फोनवर चित्र पाठवलं होतं. मी ते भिंतीशी ताडून बघायला लागले आणि जागा शोधता शोधता माझं बोट थांबलं. मधली जाऊ. किंचित खाली. उजवीकडे.

“सापडलं का?”

“इथे,” मी म्हटलं.

मास्तरांना कसलाच सुगावा लागला नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत चालला होता. “अगं, आपल्याकडे मंगळवारची फ्रेम आहे! त्यात नाही ना तो?”

मी फोन टेबलावर पालथा ठेवला.

“वही काढ. ‘नवीन काही नाही’ असंच लिहिलंय ना? म्हणजे बघ, मंगळवारी नव्हता, गुरुवारी होता. कधी पेटला ते दोन दिवसांच्या फटीत पकडलं आपण! त्या बेकरीवाल्याकडे मंगळवारचं काही नसेल. कुणाकडेच नसेल. वेधशाळावाल्यांना हे सोन्यासारखं आहे.” ते खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. गेल्या दोन वर्षांत त्यांना इतकं भराभर चालताना मी पाहिलं नव्हतं. “नसणं हीसुद्धा बातमी असते, अगं. एकवीस वर्षं मी ‘काही नाही’ म्हणून नाक मुरडत होतो. त्यातलं एक ‘काही नाही’ उपयोगाला आलं!”

त्यांनी लगेच पत्र सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. ‘मंगळवारी रात्री त्या जागी तारा नव्हता, हे आम्ही खात्रीनं सांगू शकतो.’ मी ‘खात्रीनं’ शब्द लिहिला तेव्हा पेन अडलं, शाई संपली असेल म्हणून त्यांनी दुसरं पेन दिलं. उद्या त्या कोपऱ्याचा मोठा फोटो छापून आण, म्हणाले, पत्रासोबत जोडू. रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले आणि झोपेपर्यंत शीळ घालत होते.

सोमवारी मी स्टुडिओ उघडायच्या आधी जाऊन अंधाऱ्या खोलीत बसले. मंगळवारची फिल्म फोटो छापायच्या यंत्रात चढवली आणि तो कोपरा कागदावर टाकला. ठिपका होता. फिल्म काढली, फुंकर मारली, मऊ ब्रशनं झाडली, पुन्हा चढवली. होता. फिल्म पाण्यात धुतली, वाळवली. वाळेपर्यंत मी देवाची नाही, धुळीची आळवणी केली, की बाई, निघून जा. मग खणातलं भिंग काढलं. धूळ फिल्मवर बसते, तिची कडा वर दिसते. हा वर नव्हता, आत होता. सासूबाई जशा आत होत्या, जावा जशा आत होत्या, तसाच. गुरुवारच्या दोन रात्री आधी, सगळ्या जगाआधी, मास्तरांनी तो पकडला होता. आणि मी तो भरला.

मी ओक्साबोक्शी रडले. मग मालक आले. लाल डोळे बघून घाबरले, म्हणून मी त्यांना मोठा फोटो दाखवला आणि म्हटलं, हा एक ठिपका त्रास देतोय.

“मग भरा की, ठिपकेबाई,” ते म्हणाले. “तुम्हाला काय अवघड आहे!”

अवघड काहीच नव्हतं. मी तासभर शाईची वाटी समोर घेऊन बसले होते, हे कबूल करते. एकदा भरलाच होता. दुसऱ्यांदा भरला असता तर मास्तर उरलेलं आयुष्य शीळ घालत काढणार होते. कुणाला कळणार होतं? त्यांना तर कधीच नाही. पण ते पत्र कुठल्या तरी वेधशाळेत कुणीतरी खरं मानून वापरणार, मास्तरांच्या नावानं आकाशाबद्दल एक खोटी गोष्ट जगात राहणार. पाच टोकं काढणाऱ्या पोरांनाही ज्यांनी कधी सोडलं नाही, त्यांच्या नावानं. मी शाईची वाटी मोरीत ओतली आणि फोटो न भरता घरी नेला.

ते दारातच उभे होते. “झाला?”

“बसा,” मी म्हटलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दार वाजत होतं तेही सांगितलं, भिंग खणात होतं तेही. स्वतःला मी कुठेही पाठीशी घातलं नाही.

मास्तरांनी मोठा फोटो माझ्या हातून घेतला. खिडकीशी गेले. तो डोळ्यांना लावला, लांब धरला, मान वळवून डोळ्याच्या कडेनं बघायचा प्रयत्न केला. डोळे ताणून ताणून बघत होते. मी त्यांचं बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी बोट उचलून पुन्हा बघितलं.

“केवढा आहे?” त्यांनी विचारलं.

“मधल्या जावेपेक्षा थोडा लहान.”

“म्हणजे चांगलाच ठसठशीत.”

“हो.”

मी म्हटलं, “फिल्म पाठवू आपण. अजून वेळ गेलेली नाही. सगळ्यांत आधीचा फोटो तुमचाच आहे.”

“पाठव. त्यांच्या कामाचा आहे. पण आम्ही पाहिला, असं लिहू नकोस.”

“का नको? फोटो तुम्ही काढलात!”

“मी पाहिला नाही,” ते म्हणाले. “तू पाहिलास, पण मानला नाहीस. त्या बेकरीवाल्यानं पाहिला. त्याचाच आहे तो.” कालचं पत्र टेबलावर होतं. ते त्यांनी चाचपून घेतलं, चार तुकडे केले आणि तुकडे एकावर एक नीट ठेवले.

“अहो, ओरडा ना माझ्यावर,” मी म्हटलं. “एकदा तरी ओरडा. दोन फ्रेम म्हणत होतात तुम्ही. मीच...”

“एका फ्रेमला हो मीच म्हटलं होतं.” एवढंच ते बोलले. मग म्हणाले, “बुधवारचा फोटो कुठाय? तू भरलेला?”

मी वहीतून काढून दिला. त्यांनी तो टेबलावर सपाट ठेवला आणि बोटांनी सासूबाईंपासून मापं घेत, मनात अंतरं मोजत, बरोबर त्या जागी आले. एकवीस वर्षांत तो तुकडा त्यांच्या बोटांतही उतरला होता. त्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.

“इथे ना?”

“हो.”

“हाताला काही लागत नाही.”

“नाही लागणार.”

“उजेडात तिरका धरला तर? शाई चमकते कधी कधी.”

“नाही चमकत.”

“म्हणजे इथे काही होतं, हे कुणालाच कळणार नाही?”

“नाही,” मी म्हटलं. “कुणालाच नाही.”

मास्तरांनी मान हलवली. शाळेत एखाद्या पोराचं चित्र खरंच जमलं की ते हलवायचे, तशी. “हात फार चांगला आहे तुझा,” ते म्हणाले.

टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं. ते मनापासून म्हणाले.